सिमेंटच्या आतले खांब

लिहून ठेवणार: श्रीमती अरुणा शशिधर सोहोनी, वय एकाहत्तर, पूर्वीची नोकरी लेस्टरच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, हल्लीचा व्यवसाय आजारपण, राहणार हॉलो मीड फार्म, नेदर थॉर्ली, लेस्टरशायर.

लिहिण्यास कारण की माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत नाही, पण मृत्युपत्राला डोके पुरते असे माझी वकील पूर्वी कानिटकर सांगते. हे मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा प्रेमापोटी लिहीत नाही. प्रेमापोटी या घरात पुष्कळ काही करून झाले आहे आणि त्याची फळे भिंतींवर दिसतात. यापूर्वी यजमानांच्या हयातीत इंग्रजीत केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. हा लेख मराठीत आहे. मराठीतले मृत्युपत्रही या देशात चालते, मागाहून अनुवाद जोडावा लागतो, एवढेच.

वाटून देण्याजोगे माझ्याकडे एकच आहे, ते म्हणजे हे घर. ते कोणाच्या हाती जाते यावर ते उभे राहणार की पडणार हे ठरेल, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. किरकोळ कलमे आधी उरकते.

कलम पहिले, माझ्या देहाबद्दल. दहन लेस्टरलाच करावे. दिवस घालू नयेत. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा घेऊ नये, आणि घेतलीच तर "अरुणाताई फार प्रेमळ होत्या" असे कोणी म्हणू नये, कारण म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ओळखते आणि त्यांनाही मी ठाऊक आहे. गणपतीत माझ्या हातचे मोदक खाऊन, वर आढ्याकडे बघत, "एवढ्यात वॉटफर्डला फोर बेडरूम डिटॅच्ड आलं असतं हो," असे म्हणणारी हीच मंडळी. जाता-येता त्यांची डोकी माझ्या तुळईला आपटत, त्याचे मला कधीही वाईट वाटले नाही.

कलम दुसरे, दागिने. पाटल्या, मोत्याची नथ आणि आईची ठुशी नात मायरा हिला. सून निधी हिला मी काही देत नाही. तिने कधी काही मागितलेले नाही, आणि हे घर आपल्याला आवडत नाही असे तिने पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितले होते. या कुटुंबात एवढे सरळ दुसरे कोणी बोललेले नाही, म्हणून तिच्याविषयी माझी तक्रारही नाही.

कलम तिसरे, घर कसे आहे. ज्याच्या हाती जाईल त्याला आपल्याला काय मिळाले ते कळावे, म्हणून लिहिते.

हे शेतकऱ्याचे घर आहे, सरदाराचे नव्हे. किती जुने ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. सरकारच्या जतन करायच्या इमारतींच्या यादीत ते आहे, म्हणजे लिस्टेड, आणि कौन्सिलच्या कागदावर सोळावे शतक म्हटले आहे. दगडी जोत्यावर ओकच्या आडव्या तुळया, त्यांवर उभे खांब, खांबांच्या डोक्यावर पुन्हा तुळया. सगळा भार या लाकडी सांगाड्यावर आहे, भिंती नुसत्या मधल्या जागा भरायला. घराच्या मधोमध दोन प्रचंड वाकडी लाकडे जमिनीपासून निघून थेट आढ्यापाशी एकमेकांना भेटतात. एकच वाकडे झाड उभे चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभे केले आहेत, म्हणून दोघांचे वळण तंतोतंत जुळते. इकडे त्याला क्रक म्हणतात. सांगाड्यात लोखंडाचा खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि वरून आरपार ओकचीच खुंटी. सुताराने सगळे आधी अंगणात आडवे जुळवून पाहिले, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच खूण कोरली, मग सुटे करून खूण बघून उभे केले. त्या खुणा अजून आहेत. आढ्याजवळची लाकडे काळीकुळकुळीत आहेत, कारण पहिली कितीतरी वर्षे चूल जमिनीच्या मधोमध पेटत असे आणि धुराड्याचा पत्ताच नव्हता. विटांचे धुराडे पुढच्या कोणातरी मालकाने घातले. त्याच्या पोटात पाव भाजायची भट्टी आहे. तिच्यात आमचे देव बसतात. त्यांना ऊब मिळते आणि त्यांनी कधी कुरकुर केलेली नाही.

खांबांच्या मधल्या चौकटींत हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणलेल्या आहेत, त्यांवर माती, शेण आणि पेंढ्याचा लेप, वर चुना. आम्ही घर बघायला आलो तेव्हा एका कोपऱ्यात गिलावा सुटला होता. मी आत बोट घातले आणि मोठ्याने हसले. हा तर आपला कूड. यजमान मात्र हसले नाहीत. गुहागरला त्यांच्या लहानपणी घराची मागची कुडाची भिंत एका पावसाळ्यात बसली होती, आणि तान्ह्या अवधूतला घेऊन सासूबाईंना कितीतरी दिवस शेजाऱ्यांच्या पडवीत काढावे लागले होते. त्या पडवीतून दोघे भाऊ जे निघाले ते सिमेंटच्या दिशेने. थोरला पुण्यात काँक्रीटचा इंजिनियर झाला आणि या देशात येऊन मोटारवेवरचे पूल उभे करू लागला. धाकटा त्याच्यामागोमाग आला आणि कॉन्ट्रॅक्टर झाला. "एवढ्या लांब येऊन शेवटी कुडाचंच घर घेणार आपण?" असे यजमान म्हणाले. मी म्हटले, घेणार. छप्पर गळत होते म्हणून दुसरे कोणी घेत नव्हते, आणि माझा पगार तेव्हा त्यांच्याइतकाच होता.

हे घर हलते, हे मात्र नव्या मालकाने ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आखडते, भिंतीला बारीक भेगा पडतात. चुन्याचा हात दिला की बुजतात. चुना ओल पितो आणि वारा सुटला की सोडून देतो. आम्ही अठरा वर्षे असे राहिलो आणि कपाटातल्या कपड्यांना कधी कुबट वास आला नाही.

कलम चौथे, सिमेंट. यात देण्यासारखे काही नाही. पण हे वगळले तर पुढचे एकही कलम कळणार नाही.

१९९१ साली यजमानांची साठी झाली. साठीशांत पुण्याला करायची ठरली. दीर अवधूत याने कामाचे निमित्त सांगून येणे टाळले. ज्या भावाने बापाच्या जागी उभे राहून वाढवले त्याच्या साठीला हा येत नाही, याचा मला रागच आला होता. पण काम खरेच होते आणि ते आमच्याच घरी होते.

परतलो तेव्हा टॅक्सी फाटकाशी थांबली आणि मला वाटले ड्रायव्हर चुकला. समोर एक पांढरेशुभ्र, गुळगुळीत काहीतरी उभे होते. जोत्यापासून वळचणीपर्यंत एक रेघ नाही, एक लाकूड नाही. दारात अवधूत, नवा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"खांब कुठे गेले, भाऊजी?" मी विचारले.

"आत आहेत वहिनी, एकदम सेफ. सगळीकडून सिमेंट प्लास्टर, वर वेदरप्रूफ पेंटचे दोन कोट. आता तुम्हाला बघायलाच नको." मग भावाच्या पाया पडून म्हणाला, "दादा, साठीची भेट. घर पक्कं केलं."

यजमान रडले. मी त्यांना आईच्या मृत्यूच्या वेळीही रडताना पाहिले नव्हते. दोघे भाऊ फाटकात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि मी सामान उतरवून घेत होते. कौन्सिलला विचारलेले नव्हते, मला तर नाहीच नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर मी तोंड उघडले. यजमान म्हणाले, "त्यानं स्वतःच्या हातानं केलंय, अरुणा. एक शब्द बोलू नकोस."

सिमेंट पाणी आत येऊ देत नाही, ही त्याची ख्याती. पण लाकूड हलते, सिमेंट हलत नाही. मधे केसाएवढी फट पडते. तिच्यातून शिरलेले पाणी सिमेंट बाहेर जाऊ देत नाही, हे कोणी सांगत नाही. ते खाली उतरते आणि तळाच्या तुळईवर बसून राहते. पहिले काही हिवाळे काही दिसले नाही. मग दुधाच्या खोलीच्या, म्हणजे पूर्वीचे शेतकरी दूध-लोणी ठेवत त्या मागच्या खोलीच्या, भिंतीला आतून घाम फुटू लागला. मायरा तेव्हा शाळेतही जात नव्हती. भिंतीला हात लावून म्हणाली, "आजी, भिंत रडतो का?"

माझा जन्म प्रयोगशाळेत गेला आहे. बुरशी कशावर धरते आणि का, हे मला कोणी शिकवायला नको. मी यजमानांना सांगितले, ते सिमेंट काढा. ते म्हणाले, पाणी वरून येते. छपराची कौले उतरवून पुन्हा चढवली. भिंत ओलीच. ते म्हणाले, अजून वरूनच येते. कौले पुन्हा उतरली. इंजिनियर माणूस, पण भावाचे नाव आले की पाणी त्यांच्यासाठी फक्त वरून येऊ शकत होते.

आणि मग एके दिवशी मी दुधाच्या खोलीत शिरले तर ते कोपऱ्यातल्या खांबापाशी वाकून उभे होते. त्यांनी अंगठा लाकडावर दाबला आणि तो पेरभर आत गेला. त्यांनी अंगठा रुमालाला पुसला, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. मला बघून दचकले नाहीत. म्हणाले, "अवधूतला कळता कामा नये. कळलं तर तो जन्मात तोंड दाखवायचा नाही." त्यांनी मला आपल्या गळ्याची शपथ घातली.

म्हणजे त्यांना माहीत होते. मला वेड्यात काढून कौले उतरवत होते तेव्हाही बहुधा माहीत होते. धाकट्याचे मन राखायला त्यांनी माझे घर खर्ची घातले आणि त्याला माया म्हटले. मी त्यांच्याशी चाळीस वर्षांहून जास्त संसार केला, आणि त्या अंगठ्याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही. ते आता नाहीत. तरीही केलेली नाही.

कलम पाचवे. यजमानांचा दिवाणखान्यातला मोठा फोटो, चंदनाच्या हारासकट, दुधाच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या खांबासमोर, त्यांना तो नीट दिसेल अशा उंचीवर लावावा. घर कोणाकडेही गेले तरी हे कलम लागू राहील.

कलम सहावे, दीर अवधूत सोहोनी, राहणार बेलग्रेव्ह रोडच्या मागे, लेस्टर. भट्टीतले सर्व देव मी अवधूतला देते. त्याच्याबद्दल माझ्या मनात सोळा वर्षे जे होते ते देवांसमोरच बोलत आले, तेव्हा देवांना तो चांगला परिचित आहे.

यजमान २००३ साली गेले. शपथ त्यांच्याबरोबर गेली असे धरून मी अवधूतला तेव्हाच सांगायला हवे होते, असे पूर्वी म्हणते. पूर्वी तिशीतली आहे आणि तिला कोणी गळ्याची शपथ घातलेली नाही. गेल्या वर्षी शरदात अवधूत सफरचंदे न्यायला आला. दुधाच्या खोलीत टोपली उचलताना तोल सावरायला त्याने खांबावर हात टेकला आणि हात मनगटापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बाहीला ओला भुसा. तो तिथेच फरशीवर बसला.

"वहिनी, हे माझ्या प्लास्टरनं?"

"हो."

"दादाला माहीत होतं?"

"होतं."

त्याने बाहीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं कुणी? आठवड्याभरात काढून दिलं असतं मी. एवढी माझी लाज वाटली का तुम्हाला?" मला वाटले होते, तो शरमेने रडेल. तो रागाने रडला. मरेपर्यंत भावाने आपल्याला पडवीतले तान्हे मूल समजावे, याचा राग. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले की या घरात माझ्यासारखे रागावणारे आणखी कोणी आहे.

पुढच्याच शनिवारी तो व्हॅनमध्ये हातोडा आणि छिन्नी घालून हजर. मी आनंदाने राजीवला फोन केला. हा माझा मुलगा, राहणार वॉटफर्ड, नोकरी लंडनला एका बँकेत. राजीव म्हणाला, "काकाला फोन दे." काय बोलला ते अवधूतने सांगितले: "काका, डोन्ट टच इट. लिस्टेड बिल्डिंग आहे. परमिशनशिवाय हात लावला तर आईवर केस होईल." ज्या कायद्याला न विचारता सिमेंट चढले, तोच कायदा सिमेंट काढायच्या आड आला. अवधूतने हातोडा परत व्हॅनमध्ये ठेवला.

कलम सातवे, राजीव. मी कौन्सिलकडे अर्ज केला. त्यांची बाई येऊन सगळे बघून गेली. सिमेंट कधी चढले याबद्दल तिने एकदाच विचारले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा विचारले नाही. वसंतात परवानगी आली: सिमेंट काढा, कुजलेल्या लाकडाच्या जागी नवा ओक जोडा, भिंतींना चुना करा. मुदत तीन वर्षे. कौन्सिलच्या बाईने जातानाच हेही सांगितले होते की तळाची तुळई अशीच ओली राहिली तर क्रकचा पाय जाईल, आणि तो गेला की मग दुरुस्ती नाही.

पाडव्याला राजीव जेवायला आला तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले. तो श्रीखंड खात होता. चमचा खाली न ठेवता म्हणाला, "आई, ऐक ना. लिस्टेड आहे म्हणून इथे कुणी काही बांधू शकत नाही. पण स्ट्रक्चर अनसेफ झालं ना, की कौन्सिललाही ऐकावंच लागतं. मग साइट क्लीन. आत्ता रिपेअर करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. जस्ट लीव्ह इट. आपोआप होईल."

"आणि तोवर?" मी विचारले.

"तोवर तू आहेसच की."

तो वाईट बोलला असे त्याला वाटलेही नाही. श्रीखंड आणखी घेतले. याच घरात तो वाढला. त्याची खाट क्रकच्या वळणाखाली होती आणि सुताराच्या खुणा मोजता मोजता त्याला झोप लागत असे. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला सोपे गेले असते.

अवधूतला म्हटले, आता परवानगी आहे, चल. तो मान खाली घालून म्हणाला, "उद्या घर राजीवचं होणार, वहिनी. त्याची इच्छा नसताना मी कसा हात लावू?" थोरल्याने धाकट्याचे मन राखले, आता काका पुतण्याचे मन राखतो आहे. सोहोन्यांच्या घरात सर्वांची मने शाबूत आहेत. कुजते ते फक्त लाकूड.

कलम आठवे, अवजारे. थाप्या, हातोडी, छिन्नी, चुन्याच्या दोन बादल्या आणि बोकडाच्या केसांची पिशवी मी मायराला देते. ती साउथहॅम्प्टनला शिकते. या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली आणि आम्ही दोघींनी कोणाचेही मन न विचारता दुधाच्या खोलीबाहेरची एक चौकट मोकळी केली. सिमेंट तोडले, काठ्या बदलल्या, माती मळली, केस घातलेला चुना थापला. मळताना मायरा म्हणाली, "आजी, हा माती किती छान वास येते!" मी चूक काढली नाही. शेण आहे हेही सांगितले नाही. सप्टेंबरपर्यंत ती एक भिंत कोरडी झाली. आतून हात लावला की कळते. तेवढ्यात माझ्या यकृताची तपासणी झाली, आणि उरलेल्या चौकटी मला करता येणार नाहीत हे कळले. रिपोर्ट मला कोणाला समजावून सांगावा लागला नाही. असे रिपोर्ट मीच लिहीत आले.

कलम नववे, घराची व्यवस्था. हॉलो मीड फार्म हे घर, आवार, सफरचंदांची झाडे आणि दुरुस्तीसाठी बँकेत वेगळी ठेवलेली शिल्लक मी माझा मुलगा राजीव शशिधर सोहोनी याला देते.

हे वाचून पूर्वीनेही पेन खाली ठेवले होते. पण मुलगा आहे. त्याला डावलून दुसऱ्याला देणे माझ्या हातून होत नाही. तसे तीन मसुदे लिहिले आणि फाडले. त्याला मी देतेच आहे.

मात्र ही देणगी कोणत्याही कायदेशीर कारणाने रद्द ठरली, तर घर, आवार आणि शिल्लक ही सर्व अवधूतला त्याच्या हयातीपुरती मिळावी आणि त्याच्या पश्चात मायराला मिळावी. तसे झाल्यास अवधूतने परवानगीची मुदत संपायच्या आत आपले सिमेंट आपल्या देखरेखीखाली उतरवावे. कोणाची इच्छा आहे का हे त्याने विचारू नये. माझी आहे.

कलम दहावे, साक्षीदार. या देशाचा कायदा असा: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला मिळायचे ते मिळत नाही. दोन साक्षीदार लागतात. तिसरा असला तर त्याची सही जादा धरून पळवाट निघते, म्हणून मी दोनच ठेवले आहेत. पहिली साक्षीदार माझी शेजारीण डॉ. सुनेत्रा मराठे, जिला या कारणास्तव मी काही देत नाही. लोणच्याची बरणी तिने कालच नेली आहे. दुसरा साक्षीदार राजीव.

पूर्वी म्हणाली, "मावशी, दिस इज अ ट्रॅप. मी वकील म्हणून याला ॲग्री करू शकत नाही."

मी म्हटले, ट्रॅप कसला गं? कागद त्याच्यासमोर ठेवणार. हे माझे मृत्युपत्र आहे असे त्याला सांगणार. "आई, यात काय लिहिलंयस?" एवढे त्याने विचारले की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवणार, हे कलमसुद्धा. मग सही दुसरे कोणीतरी करील आणि घर त्याचे. पाडायचे तर पाडू दे. निदान आईने काय लिहिले हे ऐकून पाडेल.

"आणि नाही विचारलं तर?"

राजीवला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. शनिवारच्या मराठी वर्गाला त्याला पाठवायचे तेव्हा यजमान म्हणत, कशाला, वाचून करायचे काय त्याला? त्याच्या लेखी मराठीत असते ते पोथ्या, पाककृती आणि कोणाला कोणती साडी. खरे कागद इंग्रजीत असतात. ते इंग्रजीतले खरे मृत्युपत्र आपल्याजवळ आहे अशी त्याची समजूत आहे आणि हा कागद म्हणजे आईची काहीतरी हौस, असे त्याला वाटेल. वाटू दे. पण हौसेने काय लिहिले, हे विचारायला मराठी वाचता यावी लागत नाही.

पूर्वी म्हणाली, त्या दिवशी मी येणार नाही. येऊ नकोस म्हटले. हे मृत्युपत्र अमलात आणणारी व्यवस्थापक म्हणून तिचे नाव मात्र कायम आहे. व्यवस्थापकाचे काम तिने करावे आणि माझ्यावरचा राग त्यात आणू नये.

वरील मजकूर मी पूर्ण केला असून त्यात खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदार समोर हजर असताना मी सही करीत आहे आणि माझ्यासमोर ते करीत आहेत.

सही: अरुणा शशिधर सोहोनी

साक्षीदार
१. डॉ. सुनेत्रा मराठे, चर्च लेन, नेदर थॉर्ली (सही)
२. राजीव शशिधर सोहोनी, वॉटफर्ड (सही, इंग्रजीत)

स्थळ: हॉलो मीड फार्म, नेदर थॉर्ली
दिनांक: १६ नोव्हेंबर २००८, रविवार

सहीनंतरची नोंद. ही मृत्युपत्राचा भाग नाही, पूर्वीच्या माहितीसाठी आहे. राजीव दुपारी आला. "माझं मृत्युपत्र आहे, साक्षीदार म्हणून सही हवी," असे मी सुनेत्रासमोर स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "शुअर." पाने चाळली नाहीत. कुठे करायची ते विचारले, मी बोट ठेवले, त्याने केली. पेनाला टोपण लावले. मी विचारले, "राजीव, तुला काही विचारायचंय का?"

तो म्हणाला, "हो. आज वरणभात केलायस ना?"

केला होता. मी उठून त्याला वाढला, वर तूप घातले, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिले.